क्रोशाचं टोपडं बाळाला बसत नाही? आधी माथा तपासा

मैत्रिणीच्या किंवा ऑफिसातल्या कुणाच्या बाळासाठी क्रोशाचं टोपडं करायला घेतलं की तीन तक्रारी पुन्हापुन्हा येतात. पहिली, माथा सपाट न राहता दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच वाटीसारखा वर उचलला जातो. दुसरी नेमकी उलट, कडेला लाटा येतात आणि माथ्याला झालर लावल्यासारखी दिसते. तिसरी सगळ्यात जास्त लागते: टोपडं दिसायला सुरेख झालं, बारशाला नेलं, आणि बाळाच्या डोक्यावर ते नुसतं टेकलं किंवा थेट डोळ्यांवर उतरलं.

तिन्हींचं मूळ माथ्यातच असतं. टोपड्याचा घेर बाजूच्या सरळ ओळींत ठरत नाही. माथ्याची गोल चकती जिथे वाढायची थांबते तिथे तो ठरून जातो, पुढे काहीही केलं तरी फारसा बदलत नाही. शिवाय क्रोशाचं काम शेवटून उसवतं, सुरुवातीकडून नाही. काठ चुकला तर दोन ओळी उसवून सुधारता येतो, पण माथा चुकला तर सगळंच उसवावं लागतं. म्हणून पहिल्या तीन-चार ओळींना जितका वेळ द्याल तितका थोडाच.

खाली खांब म्हणजे सुईवर एक वेढा घेऊन केलेला उंच टाका. मुका खांब म्हणजे वेढा न घेता केलेला बुटका टाका, आणि अर्धा खांब या दोघांच्या मधला. तुमच्या घरी किंवा क्लासमध्ये नावं वेगळी असतील तर टाक्याची कृती बघून जुळवून घ्या.

कोणत्या वयाचं माप घ्यायचं

बाळाचं डोकं सुरुवातीला फार भराभर वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांत डोक्याच्या घेराचं मधलं माप जन्मतः मुलग्यांचं 34.5 आणि मुलींचं 33.9 सेंमी आहे. 3 महिन्यांना ते 40.5 आणि 39.5, 6 महिन्यांना 43.3 आणि 42.2, आणि वर्षाला 46.1 आणि 44.9 होतं. म्हणजे पहिल्या 3 महिन्यांत जवळपास 6 सेंमी वाढ, आणि पुढच्या 9 महिन्यांत मिळून साधारण तेवढीच. नवजात मापाचं टोपडं जेमतेम काही आठवडे पुरतं. बारसं बाराव्या दिवशी न होता दीड-दोन महिन्यांनी असेल तर तोवर ते लहान झालेलं असतं.

त्यामुळे भेट कधी द्यायची याच्याबरोबर ते घातलं कधी जाणार हेही बघा. मे महिन्यात जन्मलेलं बाळ पुण्या-नाशकातल्या डिसेंबरच्या थंडीत 7 महिन्यांचं असतं. त्याच्यासाठी लोकरीचं टोपडं करायचं तर माप 6 महिन्यांच्या पुढचं हवं. नवजात माप करायचंच असेल तर ते सुती करा आणि बाळ जन्मण्याआधी, डोहाळजेवणालाच देऊन टाका. दिवस भरण्याआधी झालेल्या किंवा वजनाने लहान बाळाचं डोकं या आकड्यांपेक्षा लहान असतं, तिथे माप विचारूनच घ्यावं.

टोपडं डोक्याला धरून राहायला हवं, म्हणून तयार घेर डोक्यापेक्षा थोडा कमी ठेवतात. अ‍ॅक्रिलिक आणि लोकर ताणतात, तिथे 2 ते 2.5 सेंमी कमी. सुती दोरा फारसा ताणत नाही, तिथे 1 ते 1.5 सेंमीच कमी. या घेराला 3.14 ने भागलं की माथ्याच्या चकतीचा व्यास मिळतो. लोकरीसाठी हिशोब असा बसतो (नवजात माप लवकर लहान पडतं, म्हणून ते थोडं सैल धरलं आहे):

नवजात: घेर 33 सेंमी, चकती 10.5 सेंमी, माथ्याच्या मध्यापासून काठापर्यंत उंची 13 ते 14 सेंमी.
3 महिने: घेर 37.5 ते 38, चकती 12, उंची 15 ते 16.
6 महिने: घेर 40 ते 41, चकती 13, उंची 17 ते 18.
1 वर्ष: घेर 43 ते 44, चकती 13.8, उंची 18 ते 19.

आता एक काम करा. जाड पुठ्ठ्यावर कंपासने या मापांची वर्तुळं काढा, कापा आणि प्रत्येकावर वय लिहून ठेवा. विणताना दर ओळीनंतर माथा न ताणता त्यावर ठेवायचा. टेपने मापताना हात नकळत वीण ओढतो आणि अर्धा सेंमी जास्त दाखवतो. पुठ्ठ्यावर ती फसवणूक होत नाही.

माथा वाटीसारखा होतो

वाटी होते म्हणजे ओळीची उंची वाढतेय, पण त्या मानाने टाके कमी पडतायत. वर्तुळाची त्रिज्या प्रत्येक ओळीला एका टाक्याच्या उंचीइतकी वाढते, आणि परिघ त्या उंचीच्या 6.28 पट. तेवढी लांबी भरायला जितके टाके लागतात तितके प्रत्येक ओळीत वाढवायचे. मध्यम जाडीच्या लोकरीत 4 मिमीच्या सुईने एक खांब साधारण 1.2 सेंमी उंच आणि 0.62 सेंमी रुंद येतो. 1.2 गुणिले 6.28 भागिले 0.62, उत्तर 12. खांबांच्या टोपड्यात दर ओळीला 12 टाके वाढवा असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते इथून आलं आहे. मुका खांब निम्म्या उंचीचा, म्हणून त्यात 6. अर्ध्या खांबात 8 ते 10, हातावर अवलंबून.

हा 12 चा आकडा प्रत्येक हाताला लागू पडेलच असं नाही. स्वतःचा आकडा काढायचा तर 10 सेंमीत येणारे टाके भागिले 10 सेंमीत येणाऱ्या ओळी, गुणिले 6.28. 16 टाके आणि 8.3 ओळी आल्या तर 12. 17 टाके आणि 10 ओळी आल्या तर पावणेअकरा, म्हणजे अशा हाताने 11 वाढवायचे. 12 वाढवले तर हळूहळू झालर पडणार.

आकडा बरोबर असून वाटी होत असेल तर टाके गळतायत. गळण्याची जागा जवळजवळ नेहमी ओळीची सुरुवात असते. खांबांची ओळ 3 साखळ्यांनी सुरू करतात आणि त्या 3 साखळ्या पहिला खांब म्हणून मोजतात. दुसऱ्या, म्हणजे वाढीच्या पहिल्या ओळीत प्रत्येक टाक्यात दोन खांब घालायचे असतात, त्यामुळे साखळी ज्या टाक्यातून निघाली त्याच टाक्यात आणखी एक खांब घालावा लागतो. तो राहतो. मग 24 च्या जागी 23 होतात आणि पुढची प्रत्येक ओळ ती चूक घेऊन चालते. दुसरी गळती ओळीच्या शेवटी: साखळ्यांचा वरचा टोकाचा टाका बारीक आणि वाकडा असतो, तो टाका वाटतच नाही आणि सुटून जातो.

यावर चांगला उपाय म्हणजे साखळ्या मोजणंच सोडून द्यायचं. 2 साखळ्या करा, त्या टाका म्हणून धरू नका, त्याच टाक्यात पहिला खरा खांब घाला, आणि ओळ संपली की स्लिप स्टिच (ओळीची दोन टोकं जोडणारा बारीक टाका) साखळीत न घालता या पहिल्या खांबाच्या डोक्यात घाला. मोजणी स्वच्छ राहते आणि जोडाच्या जागी फटही कमी दिसते. पहिल्या खांबाच्या डोक्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवला की शोधावं लागत नाही.

आणि मोजा. 12, 24, 36, 48, प्रत्येक ओळ संपली की. गप्पा मारत विणणाऱ्यांनी तर नक्कीच.

कडेला झालर पडते

थोडी लाट असेल तर घाबरू नका. माथा हातात धरल्यावर किंचित हलतो पण टेबलावर ठेवल्यावर हाताने सपाट बसतो, एवढी लाट पुढच्या सरळ ओळींत जिरते. टेबलावर दाबूनही दोन-तीन ठिकाणी घडी उभी राहते तेव्हा टाके खरोखर जास्त झालेत.

जास्तीचा टाका येतो स्लिप स्टिचमधून. ओळ जोडताना घातलेल्या स्लिप स्टिचच्या डोक्यावरही इंग्रजी व्ही सारखा आकार दिसतो, आणि ओळीच्या शेवटी नजर त्याला टाका समजते. नीट बघा: खऱ्या खांबाचा व्ही सैल असतो आणि त्याच्या खाली उभा दांडा दिसतो. स्लिप स्टिचचा व्ही बारीक, आवळलेला असतो आणि त्याच्याखाली दांडा नसतो. दांडा नाही तिथे सुई घालायची नाही. शंका आली तर व्ही मोजू नका, दांडे मोजा.

दुसरं कारण हात. रुमाल, तोरणं, टेबलक्लॉथ यांच्यावर क्रोशा शिकलेल्यांचा हात घट्ट असतो. 20 किंवा 40 नंबरच्या बारीक दोऱ्यात तो तसा असायलाच हवा, नाहीतर नक्षी ढिली पडते. लोकरीत मात्र तोच हात टाक्याला बुटका करतो. खांबाची उंची ठरते ती सुई टाक्यातून बाहेर काढताना जो पहिला फास ओढता त्यावर. तो फास सुईच्या दांड्याच्या पूर्ण जाडीवर येऊ द्या, टोकाजवळच्या निमुळत्या भागात अडकवून ठेवू नका, आणि कामाच्या कडेच्या वर थोडा उचला. बोटाभोवती दोरा दोनदा गुंडाळायची सवय असेल तर एकदाच गुंडाळा. हात बदलत नसेल तर निमूटपणे 11 किंवा 10 ची वाढ ठेवा. टोपडं तसंही छान होतं, फक्त टाक्यांचा हिशोब पुन्हा मांडावा लागतो.

दोन-तीन ओळींतच प्रचंड झालर किंवा खोल वाटी

दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच माथा हाताबाहेर जात असेल तर हाताला दोष देऊ नका, पॅटर्न तपासा. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये टाक्यांची नावं एक पायरीने सरकलेली आहेत. अमेरिकी पॅटर्नमधला डबल क्रोशे म्हणजे आपला खांब. ब्रिटिश पॅटर्नमधला डबल क्रोशे म्हणजे मुका खांब, आणि खांबाला ते ट्रेबल म्हणतात. घरात जुनी ब्रिटिश पद्धतीची पुस्तकं आणि हातात अमेरिकी व्हिडिओ, अशी जोडी असली की घोळ ठरलेलाच. अमेरिकी पॅटर्नचे 12-12 वाढवायचे टाके मुक्या खांबात घातले तर गरजेच्या दुप्पट टाके होतात, झालर पडणारच. ब्रिटिश पॅटर्नचे 6-6 वाढवायचे टाके खांबात घातले तर वाटी.

ओळखायची खूण सोपी आहे. पॅटर्नमध्ये सिंगल क्रोशे हा शब्द कुठेही आला तर तो अमेरिकी, कारण ब्रिटिश पद्धतीत सिंगल क्रोशे नावाचा टाकाच नाही. टाका सोडायला मिस म्हटलं असेल तर बहुधा ब्रिटिश, स्किप म्हटलं असेल तर अमेरिकी.

सुयांच्या नंबरांवरही विसंबू नका. नंबर आणि अक्षरं पद्धतीप्रमाणे बदलतात. सुईवर कोरलेले मिलिमीटर तेवढे बघा.

टाके बरोबर, माथा सपाट, तरी माप चुकतं

हा सगळ्यात फसवा प्रकार, कारण विणताना काहीच बिघडलेलं दिसत नाही. समजा नवजात टोपड्यासाठी 54 टाके हवेत. 10 सेंमीत 16 टाके येत असतील तर घेर पावणेचौतीस सेंमी होतो, नवजात बाळाला छान बसतो. तुमच्या हाताने 18 आले तर तेच 54 टाके 30 सेंमीत संपतात आणि टोपडं कुणालाच होत नाही. 14 आले तर साडेअडतीस, म्हणजे 3 महिन्यांच्या बाळालाही किंचित सैल. दहा सेंमीत दोनच टाक्यांचा फरक, आणि टोपडं एका वयातून दुसऱ्या वयात जातं.

नमुन्याचा चौकोन विणून माप घ्या असं सगळे सांगतात आणि फार थोडे करतात. टोपड्यात तर चौकोन पुरेसा बरोबरही ठरत नाही. चौकोनात काम उलटसुलट फिरतं आणि गोल कामात एकच बाजू समोर राहते, त्यामुळे हाताचा ताण थोडा वेगळा पडतो. त्यापेक्षा माथ्यालाच नमुना माना. वर सांगितलेल्या हाताला तीन ओळी, म्हणजे 12, 24 आणि 36 टाके झाल्यावर चकती 7 ते 7.5 सेंमी भरायला हवी. 6.5 च्या आत असेल तर सुई अर्धा मिलिमीटर मोठी घ्या. 8 च्या आसपास असेल तर अर्धा मिलिमीटर लहान. उसवायचं झालं तर एकूण 72 टाके जातात, त्याचं काही वाटून घेऊ नये.

लोकरीची जाडी हे या चुकीचं दुसरं कारण. वेष्टनावरचा प्लायचा आकडा किती धागे पिळलेत ते सांगतो, लोकर किती जाड आहे ते नाही. एका कंपनीची 4 प्लाय दुसरीच्या दीडपट जाड असू शकते. पट्टीवर एका इंचात लोकर न ताणता, न दाबता, वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळा. साधारण 11 ते 12 वेढे बसले तर ती 4 मिमीच्या सुईला आणि या लेखातल्या आकड्यांना जुळते. 14 च्या वर गेले तर लोकर बारीक आहे, सुई 3 ते 3.5 मिमीची लागेल आणि टाके जास्त. अशा मध्यम लोकरीचा 50 ग्रॅमचा एक गुंडा नवजात टोपड्याला पुरून उरतो.

16 टाक्यांच्या हाताने ओळी अशा लावा. 12, 24, 36, 48 या चार ओळी सगळ्या मापांना सारख्याच. नवजात मापासाठी पाचव्या ओळीत 7 टाके साधे आणि आठव्यात दोन खांब, असं 6 वेळा केलं की 54. इथे वाढ थांबवायची आणि 6 ओळी सरळ विणून शेवटी मुक्या खांबाच्या 2 ओळी घालायच्या. उंची 14 सेंमीच्या थोडी वर जाते. 3 महिन्यांसाठी पाचव्या ओळीत 3 साधे आणि चौथ्यात दोन, असं 12 वेळा, म्हणजे 60. 6 महिन्यांसाठी त्या 60 वर आणखी एक ओळ: 9 साधे आणि दहाव्यात दोन, 6 वेळा, 66. वर्षाच्या बाळासाठी 60 वर 5 साधे आणि सहाव्यात दोन, 10 वेळा, 70. शेवटच्या वाढीच्या ओळीनंतर चकतीवर ठेवून बघा आणि मगच सरळ ओळी सुरू करा. उंची मात्र ओळी मोजून नको, टेपने बघा.

माथ्याच्या मधलं भोक

मॅजिक रिंग (सुरुवातीला दोऱ्याचा केलेला, ओढून बंद होणारा गोल फास) ओढून बंद केली तरी आठवड्याभरात भोक पुन्हा उघडतं, कारण शेपूट, म्हणजे सुरुवातीच्या दोऱ्याचं सुटं टोक, एकाच दिशेने ओवून कापलेलं असतं. शेपूट किमान 15 सेंमी ठेवा. टाके पूर्ण झाल्यावर ते सुईने रिंगच्या कडेने एक पूर्ण फेरा ओवा, मग दिशा उलटवून अर्धा फेरा, आणि त्यात एकदा तरी सुई लोकरीच्या धाग्याच्या मधून घाला, नुसती टाक्यांखालून नको. चकचकीत सुती दोरा जास्त निसटतो, त्यात दोन्ही दिशांना पूर्ण फेरे घ्या. रिंग जमत नसेल तर 4 साखळ्यांचा गोल करून त्यात 12 खांब बसवा. छोटंसं भोक राहतं पण ते सुटत नाही.

मुक्या खांबाचा माथा गोल न होता षट्कोनी दिसत असेल तर वाढीचे सहाही टाके एकावर एक येतायत. एक ओळ सोडून एक ओळीची सुरुवात निम्म्या साध्या टाक्यांनी करा. 4 साधे आणि पाचव्यात दोन अशी ओळ असेल तर आधी 2 साधे, मग वाढ, मग 4-4 च्या गटाने पुढे, शेवटी उरलेले 2. कोपरे विरून जातात.

जोडाची रेघ तिरकी सरकत जाणं ही चूक नाही. गोल काम न वळवता विणलं की ती सरकतेच. सरळ हवी असेल तर प्रत्येक ओळीला काम वळवा, फक्त मग विणीचा पोत थोडा वेगळा दिसेल.

काठ आवळतो, कपाळावर वळ उठतो

वरचं सगळं बरोबर आणि शेवटच्या दोन ओळींनी टोपडं वाया, असंही होतं. मुका खांब कमी ताणतो. खांबांच्या लवचीक कामाला खाली मुक्या खांबाचा पट्टा लावला की घेर 1 ते 2 सेंमी आवळतो. काठाच्या ओळी अर्धा मिलिमीटर मोठ्या सुईने विणा. ताण हवाच असेल तर काठाला उभी पट्टी विणा: 6-7 टाक्यांच्या छोट्या ओळी, मुका खांब फक्त मागच्या धाग्यात, आणि प्रत्येक ओळ टोपड्याच्या कडेला स्लिप स्टिचने जोडत जायची. ती रबरासारखी ताणते, आणि दुमडून ठेवली तर बाळ वाढलं की उलगडता येते. भेट म्हणून दुमडायचा काठ असलेलं टोपडं सगळ्यात जास्त दिवस वापरलं जातं.

झालेलं टोपडं वाचवता येतं का

उंची कमी असेल तर हो, काठ उसवून ओळी वाढवा. काठ घट्ट असेल तरी हो. घेर 1 ते 1.5 सेंमीने कमी आणि दोरा सुती किंवा खरी लोकर असेल तर ओलं करून योग्य मापाच्या वाडग्यावर चढवून वाळवा, तेवढं वाढतं. अ‍ॅक्रिलिक असं नुसत्या पाण्याने वाढून तसं राहत नाही. त्यावर इस्त्री किंवा जवळून वाफ देऊ नका. धागा मरतो, टोपडं लुळं पडतं आणि ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही.

घेर मोठा असेल तर काठाच्या आधीच्या ओळीत सारख्या अंतरावर 3 ते 5 ठिकाणी दोन टाके एकत्र करून घ्या. 2-3 सेंमीपर्यंत खपतं. त्याहून मोठं असेल तर त्या मापाचं बाळ होईपर्यंत ते तसंच ठेवून द्यायला सांगा, टोपडं खराब झालेलं नाही. घेर 2 सेंमीहून जास्त लहान असेल तर शेवटच्या वाढीच्या ओळीपर्यंत उसवा. उसवलेली लोकर तशीच वापरली तर टाके खडबडीत येतात. तिची लड करा, कोमट पाण्यात भिजवा, पिळू नका, टांगून वाळवा आणि मग गुंडा करा.

देण्याआधी

एकदा सौम्य साबणाने धुऊन आडवं वाळवा आणि मग पुन्हा मापा. सुती दोरा पहिल्या धुण्यात थोडा आकसू शकतो आणि ओला असताना टांगला तर लांबतो. खरी लोकर गरम पाण्यात घातली तर आटून घट्ट होते, हे भेटीबरोबरच्या चिठ्ठीत लिहून द्या, कारण बाळाचे कपडे घरात सर्रास गरम पाण्यात धुतले जातात. चिठ्ठीवर वय न लिहिता घेर सेंमीत लिहा. बाळाच्या आईला टेप लावून लगेच कळतं.

गळ्याखाली बांधायच्या लांब नाड्या लावू नका, कुंचीच्या आकाराचं केलं तरी नको. मणी, बटणं, चिकटवलेले डोळे टाळा, बाळ ओढून तोंडात घालतं. डोळे-नाक भरतकामाने काढा. गोंडा लावायचा तर आतून गाठ मारून पुन्हा शिवा आणि जोरात ओढून बघा. आतल्या बाजूला लांब सुटे धागे ठेवू नका, विशेषतः जोडीला मोजे विणत असाल तर, कारण बाळाची बोटं त्यात अडकून आवळतात. आणि घरात झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर टोपडं ठेवायचं नाही. ते डोळ्या-नाकावर घसरतं आणि बाळाला उकडतं. डोक्यातून बाळाची बरीच उष्णता बाहेर जाते, त्यामुळे मुंबई-कोकणातल्या हवेत किंवा हीटर लावलेल्या खोलीत हे आवर्जून सांगावं.